दिवस मावळायच्या आत

१

लग्नाच्या अल्बममधले लाल डोळे काळे करण्यात योगीराजचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मांडवात उजेड कमी, फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर, त्यामुळे नवरीपासून वाजंत्र्यापर्यंत कुणाचेही डोळे इंगळासारखे लाल यायचे. मग कमलनगरच्या आपल्या स्टुडिओत बसायचं आणि एकेक डोळा मोठा करून काळा करत जायचं. नवरदेवाच्या मामाचे सगळ्यांत आधी, कारण अल्बम बघून रुसणारा पहिला माणूस तोच असतो.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली, पौष लागला आणि लग्नं बंद पडली. एरवी पौषात योगीराज माशा मारत बसायचा. यंदा बीदरच्या एका संस्थेनं त्याच्या गावाशेजारच्या माळावरच्या हरणांचे फोटो मागितले होते. माळाच्या तोंडाशी माहितीचे फलक लावायचे होते. योगीराजनं लगेच होकार दिला. हरणं त्यानं लहानपणापासून पाहिलेली, त्यांचं त्याला कौतुक नव्हतं. पण या कामामुळे रोज संध्याकाळी घरातून बाहेर पडता येणार होतं. हे मात्र तो कुणाला बोलला नाही.

अडचण अशी की हरणं तुरीतून मोकळ्यावर यायची ती दिवस कलल्यावर. तोंडं सावलीत आणि अंतर इतकं की लग्नातला फ्लॅश अर्ध्या वाटेतच विरून जायचा. तेव्हा भीमराज मदतीला आला. भीमराज हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांमागं हिंडायचा. त्यानं पिशवीतून एक फ्लॅश एक्स्टेंडर काढला. दोन पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं रेघारेघांचं पारदर्शक प्लास्टिक, एवढाच त्याचा थाट.

"हे भिंगच हाय," भीमराज म्हणाला. "फ्लॅशच्या म्होरं बसवायचं. पसरणारा उजेड हे गोळा करतंय आन् लांब फेकतंय. तुझी लेन्स जिथं बघायलीय, नेमकं तिथं."

"बरं."

"दोन गोष्टी ध्यानात ठेव. उन्हात उघडं टाकू नको. ही बग माझी पिशवी." पिशवीला बोटभर भोक होतं, कडा जळून काळ्या झालेल्या. "आन् दिवस मावळताना मारलास तर डोळे पेटतेत. जनावराचे हिरवट पांढरे येतेत. भिऊ नको."

"माणसाचे लाल," योगीराज म्हणाला. "ते तरी मला शिकवू नको बाबा."

२

घरी अप्पा होते. योगीराजचे वडील, तुळजाराम. उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, पार अफजलपूरपर्यंत भीमेकाठानं फिरलेला माणूस. मेंढरं विकून जमाना झाला, पण अलीकडे अप्पांच्या डोक्यातनं तो व्यवहारच पुसला गेला होता. बाकीचंही बरंच पुसलं जात होतं. जेवण झाल्याबरोबर जेवायला मागायचे. सुनेला, जगदेवीला, कधी आई म्हणायचे तर कधी चोर. आणि दिवस कलला की दाराकडे धाव घ्यायचे, मेंढरं बसवायला जायचं म्हणून. दोनदा ओढ्यातून उचलून आणावं लागलं, तेव्हापासून दाराला कुलूप आलं.

अप्पांना आंघोळ घालायची ती योगीराजनं. धोतर बदलायचं ते त्यानं. रात्री कडी वाजली की उठायचं तेही त्यानंच. बापावर त्याचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण पाठीवर पाणी ओतताना कधीकधी मनात यायचं, सुटावं एकदाचं. कुणी सुटावं, हे तो स्वतःलाही विचारायचा नाही. पुढचा तांब्या ओतायचा.

एक सवय मात्र अप्पांची शाबूत होती. कळप कुणाच्या शेतात बसला की मेंढपाळ कळपावरून बॅटरीचा उजेड खालच्या अंगानं फिरवतो आणि उजेडात डोळे चमकत जातात. जनावरानं नजर दिली, म्हणतात. नजर दिली की ते जागेवर आहे. अप्पा रोज दिवेलागणीला घरात बॅटरी फिरवायचे. आधी कोपऱ्यातली शेळी, मग जगदेवी, मग योगीराज. "हाय... हाय... हाय." माणसाचे डोळे काही चमकायचे नाहीत, पण अप्पांना तेवढ्यावर समाधान वाटायचं आणि मग ते जेवायला बसायचे.

पहिल्या दिवशी योगीराज फ्लॅशला भिंग बसवत होता, तेव्हा अप्पा जवळ येऊन बसले.

"कुठं निघालास, योग्या?"

"माळावर. हरणं बगायला."

"आपलं एखांदं गेलंय का त्यांच्यात?"

"आपली मेंढरं कवाच इकलीत, अप्पा."

अप्पांनी ते ऐकलंच नाही. "गेलं असंल तर हाक मारावी लागतीय. नाव घिऊन. दिवस मावळायच्या आत. कळप उठून गेला की ते त्यांचं झालं." मग त्यांनी योगीराजची बाही धरली. "मलाबी घिऊन चल."

योगीराजनं बाही सोडवली, बाहेरून कुलूप घातलं आणि खिडकीतून किल्ली जगदेवीच्या हातात दिली. वळणापर्यंत त्याला आतून कडी वाजताना ऐकू येत होती.

३

माळ गावाच्या वरच्या अंगाला. पलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे महाराष्ट्र. मधे ना पाटी ना कुंपण, त्यामुळे हरणं मनाला येईल तेव्हा राज्य बदलतात. योगीराज बाभळीच्या बुंध्याशी बसला. थोड्या वेळानं तुरीतून एक काळवीट बाहेर आला, मागून हरण्या आल्या आणि सगळे वाळल्या गवतात तोंडं घालून चरू लागले.

त्यानं फ्लॅश मारला. माना वर झाल्या, पण पळालं कुणी नाही. ट्रॅक्टरच्या उजेडाची त्यांना सवय होती. मागच्या पडद्यावर फोटो बघून तो खूश झाला. तोंडावरचा केसन् केस आला होता. डोळे भीमराज म्हणाला तसेच, हिरवट पांढरे ठिपके. एका कडेला, जरासं अंतर राखून, एक हरणी सरळ कॅमेऱ्याकडे बघत उभी होती. तिचे डोळे लाल होते.

आधी सवयीनं मनात आलं, घरी गेल्यावर हे काळे करावे लागतील. मग त्याचा अंगठा बटणावरच थांबला.

तो रंग ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती. हजारो मामांच्या, करवल्यांच्या, पेंगुळल्या पोरांच्या डोळ्यांतला तोच तो लाल. उजेड सरळ गेला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. म्हातारं जनावर असेल, डोळ्याला काही झालं असेल. त्यानं फ्लॅश लेन्सपासून जरा उंच धरून पुन्हा मारला. बाकीच्यांची चमक मंदावली. तिची तेवढीच लाल राहिली.

घरी आला तर दारामागं आवाज नव्हता. अप्पा बाजेवर बसले होते.

"तुमी गेलाव, थोड्या येळानं गपच झाले," जगदेवी म्हणाली. "कडी वाजवायची सोडली. म्या म्हणलं चांगलं झालं."

त्या संध्याकाळी बॅटरी फळीवरच राहिली. आपल्याला कुणी मोजलं नाही, हे जेवताना योगीराजच्या लक्षात आलं. पण बॅटरीची आठवण करून दिली तर अप्पांना दाराचीही आठवण व्हायची, म्हणून तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भीमराजला फोटो दाखवला. भीमराज बराच वेळ मोठा करून बघत होता.

"एखादं पांढरं जनावर जन्मतंय, तसल्याचे लाल येतेत," तो म्हणाला.

"ही पांढरी हाय का?"

"न्हाई." त्यानं कॅमेरा परत दिला. "उजेडाचा कोन असंल काहीतरी. आन् रोज रोज माळावर कामून जायलास? झाले की फोटो. बस झालं."

फोटो झाले होते, हे खरंच होतं. तरी संध्याकाळी योगीराज माळावर गेला. ती हरणी आता कळपाच्या आत होती आणि बाकीच्यांना तिचं काही वाटत नव्हतं. बाकीच्या चरत होत्या, ही चरत नव्हती. मान वर करून ती कळपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बघत जायची, एकेका जनावरावर थांबत. शेवटाला पोचली की खाली मान घालून दोन काड्या खायची. ही मान फिरवायची तऱ्हा योगीराजला ओळखीची वाटली. कुठली, ते आठवायच्या नादाला तो लागला नाही.

४

घरात आता शांतता होती. अप्पा दार मागत नव्हते, भूक मागत नव्हते, कुणाला चोर म्हणत नव्हते. समोर ठेवलं ते खायचे आणि बाजेवर बसून राहायचे. शेजारचे रेवणसिद्धप्पा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला उतार पडलाय की रे." जगदेवीनं कितीतरी दिवसांनी डोक्याला तेल लावलं.

आणि योगीराजला झोप लागेना. कडी वाजेल म्हणून तो कान देऊन पडायचा आणि कडी वाजत नव्हती. दिवसा मात्र बसल्या जागी डोळे मिटायचे. एका दुपारी अंगणात त्यानं कॅमेरा पुसून बाजेच्या कडेला ठेवला, अप्पांच्या शेजारी, आणि भिंतीला टेकल्या टेकल्या त्याला डुलकी लागली.

केस जळल्याचा वास आला आणि तो जागा झाला. ऊन सरकलं होतं. फ्लॅशसमोरच्या भिंगातून उन्हाचा एक पांढरा ठिपका होऊन अप्पांच्या मनगटावर पडला होता आणि तिथून बारीक धूर निघत होता. अप्पांचा हात तसाच होता. ते शेळीकडे बघत होते.

"अप्पा! भाजायलंय की!"

त्यानं झडप घालून कॅमेरा पाडला आणि हात ओढला. मनगटावर गोल, काळपट डाग उठला होता. तेव्हा कुठे अप्पांनी तोंड वळवलं. त्यांनी योगीराजच्या हाताचा वास घेतला. घेतला आणि एकदम मागं सरले, पार बाजेच्या टोकाला, पाय पोटाखाली मुडपून. त्यांची नाकपुडी थरथरत होती. योगीराज त्यांचा मुलगा होता, रोज अंग चोळून आंघोळ घालणारा, आणि ते त्याच्या वासाला भ्याले होते.

जगदेवी खोबरेल घेऊन आली. "अप्पा, दुकायलंय का?" अप्पा हाताकडे बघतही नव्हते. तेल लावताना ती म्हणाली, "डॉक्टर म्हणले व्हते, कळायचं कमी होतंय म्हणून." मग थांबून तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. जबडा आडवा हलत होता, सावकाश. "तोंडात काय हाय ह्यांच्या? सकाळपासनं चावायलेत."

तिनं बोटानं त्यांचा ओठ बाजूला केला. तोंडात काहीच नव्हतं. ओठ सोडला तसा जबडा पुन्हा हलू लागला.

"आवं, असं काय बगायलाव?" ती म्हणाली. तिचाही आवाज थकलेला होता. "गप बसलेत ना? बसू द्या की. इतके दिवस झोप हाय का तुमाला? मला तरी हाय का?"

योगीराजनं पडलेला कॅमेरा उचलला आणि भिंगावर फडकं टाकलं.

५

रेवणसिद्धप्पांनी सांगितलं होतं की माळाकडंची तूर काढून झाली, आता आज-उद्यात हरणं ओढ्यापल्याड उठून जातील. योगीराजला जायचं नव्हतं. पण दिवस कलला तसे पाय आपोआप निघाले. दाराला कुलूप घालायला तो वळला आणि किल्ली तशीच फळीवर ठेवून गेला.

कळप निघालाच होता. काळवीट पुढे, मागे ओळीनं हरण्या, ओढ्याच्या उताराकडे. तुरीच्या रानात नुसती धसकटं उरली होती. ती एकटीच मागं थांबली होती, माळाच्या मध्यावर, गावाकडे तोंड करून. मधूनच ती खाली वाकून पुढचा पाय चाटत होती.

योगीराजनं लेन्स लावली. फ्लॅश मारला. डोळे लाल, स्वच्छ लाल. त्यानं फोटो मोठा केला आणि पायाशी नेला. खुराच्या वर, पुढच्या पायावर, गोल जागेतले केस जळून गेले होते. खालची कातडी काळपट होती.

तो बाभळीला धरून उभा राहिला. हे खरं नाही, असं मनाला समजवायला आता त्याच्याकडे एकही कोन शिल्लक नव्हता. दिवस अजून वर होता, हातभर असेल.

"अप्पा!" त्यानं हाक मारली.

लांब धसकटांत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली. "कोण रे?" त्या मुलखात पिकल्या केसाचा कुणीही अप्पाच. हरणीचे कान हलले. पाऊल हललं नाही. ती वाट बघत होती.

नाव घेऊन, अप्पा म्हणाले होते.

बापाचं नाव योगीराजनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हाही पाटीवर लिहून दाखवलं होतं. त्यानं श्वास घेतला. "तुळ..." एवढं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. लाज वाटली, असं तो पुढे स्वतःला कितीदा तरी सांगणार होता. बापाचं नाव असं माळावर ओरडून घ्यायचं कसं? पण लाज नव्हती ती. त्याला डोळ्यांसमोर घर दिसलं होतं. शांत बाज, उघडं दार, तेल लावलेली जगदेवी. मग ओलं धोतर दिसलं, रात्री वाजणारी कडी दिसली, ओढ्यातला चिखल दिसला, आणि हे सगळं पुन्हा, रोज, किती वर्षं ते ठाऊक नाही. तो दमला होता. इतका की एक नाव उच्चारायचंही त्याच्या जिवावर आलं.

तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. दिवसाची कड जमिनीला टेकली, चपटी झाली, गेली.

हरणी आणखी थोडा वेळ बघत होती. मग वळली आणि बाकीच्यांच्या मागोमाग उतारानं गेली.

कळप ओढ्यापलीकडे चढला तेव्हा योगीराजनं फ्लॅश मारला, निव्वळ हाताच्या सवयीनं. उजेडासरशी सगळ्यांनी मागं वळून बघितलं. पडद्यावर ठिपक्यांची रांग उमटली, हिरवट पांढरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यात लाल एकही नव्हता.

मग मात्र त्यानं नाव घेतलं. "तुळजाराम! ओ तुळजाराम!" घसा फुटेपर्यंत घेतलं. धसकटांतला म्हातारा काम टाकून त्याच्याकडे बघत राहिला. ओढ्यापलीकडे कुणी वळलं नाही.

६

घरी आला तेव्हा वीज गेली होती. जगदेवी उंबऱ्यात बसली होती, दार सताड उघडं.

"कुलूप इसरून गेलाव की," ती म्हणाली. "पर अप्पा उठलेबी न्हाईत. सोन्यावानी बसलेत आत." मग त्याच्या तोंडाकडे निरखून, "काय झालं? घसा कामून बसलाय?"

"काई न्हाई."

"हरणं गेली का?"

"गेली."

आत अंधार होता. शेळीच्या कोपऱ्यातून रवंथाचा आवाज येत होता. बाजेकडूनही येत होता, त्याच लयीत. योगीराजनं चाचपडत फळीवरची अप्पांची बॅटरी काढली. अप्पा धरायचे तशी खाली धरली आणि पेटवली.

आधी उंबऱ्याकडे. जगदेवीनं डोळ्यांवर हात घेतला. "हाय," तो पुटपुटला.

मग शेळी. कोपऱ्यात दोन ठिपके चमकले, हिरवट पांढरे. "हाय."

मग त्यानं बॅटरी बाजेकडे वळवली. पाय पोटाखाली घेऊन अप्पा सरळ त्याच्याकडे बघत होते. मनगटावर खोबरेल तुकतुकत होतं. माणसाच्या तोंडात, माणसाच्या डोळ्यांच्या जागी, दोन ठिपके चमकले. शेळीचेच. तोच रंग.

जबडा थांबला. कान किंचित मागं गेले.

"बंद करा की ती," जगदेवी उंबऱ्यातूनच म्हणाली. "बिथरतेत ते उजेडाला."

योगीराजला तिसऱ्यांदा "हाय" म्हणता आलं नाही. त्यानं बॅटरी बंद केली. थोड्या वेळानं बाजेवरचं चावणं पुन्हा सुरू झालं, शेळीच्या लयीला लय मिळवून. जगदेवीनं चाचपडत त्याचं पान वाढलं. तो दोन घास जेवला, हात धुतला आणि आडवा झाला.

त्या रात्री कुणी कडी वाजवली नाही. कितीतरी महिन्यांनी योगीराज सकाळपर्यंत सलग झोपला.